कुत्र्यांसाठी आर्टिफिशियल ग्रास टाकायचंय? आधी अर्धा तास पाइप सोडून बघा

प्रश्न थोडक्यात असा: सिंहगड रोडच्या बाजूला रो-हाऊसमध्ये राहणाऱ्या एका ताईंचं पत्र आलंय. घरामागे साडेतीनशे स्क्वेअर फुटांचं अंगण, घरात चार वर्षांचा लॅब्रॅडॉर आणि रस्त्यावरून आणलेली दीड वर्षाची गावठी कुत्री. हौसेने लावलेलं लॉन शू पडून जागोजागी जळलं, गावठीने कुंपणाकडेला खड्डे केले, आणि पावसाळ्यात दोघं चिखलाच्या पायांनी थेट सोफ्यावर. आता एक जण म्हणतोय मे संपायच्या आत ४० एमएमचं (म्हणजे तेवढ्या लांब पात्यांचं) आर्टिफिशियल ग्रास टाकून देतो, आहे त्या मातीवरच, एका दिवसाचं काम, नंतर मेंटेनन्स काही नाही, पाऊस धुऊन काढतो. मिस्टरांना प्लॅस्टिक नको आहे, सासूबाईंना वासाची धास्ती कारण त्यांचं तुळशीवृंदावन तिथेच आहे. ताई विचारतात, "कुठल्या कंपनीचं आणि किती एमएमचं घेऊ? आणि कुत्र्यांना त्याने काही त्रास नाही ना होणार?"

ताई, तुमचं पत्र वाचून मला आमचीच गच्ची आठवली. सहा वर्षांपूर्वी आम्ही कोथरूडच्या घरी गच्चीवर असंच गवत टाकून घेतलं होतं, आमच्या कुत्र्याला म्हाताऱ्या वयात तीन जिने उतरवत नव्हते म्हणून. टाकल्यावर इतकं छान दिसलं की मी संध्याकाळी चहा घेऊन तिथेच बसायचे. डिसेंबरपर्यंत सगळं ठीक. फेब्रुवारीत दुपारी दार उघडलं की नाकाला काहीतरी बोचायला लागलं, आणि मार्चमध्ये मी एक कोपरा उचलून पाहिला तर डोळ्यांतून पाणीच आलं. खालची पांढरट रबरी पाठ काळी चिकट झालेली, केसांचा नमद्यासारखा थर बसलेला, आणि कोब्यावर पिवळे ओघळ जिथल्या तिथे वाळलेले. शिवाय ज्याने टाकलं त्याने कडेकडेने खिळे ठोकले होते, ते वॉटरप्रूफिंगमध्ये गेले आणि जुलैत खालच्यांच्या छताला ओल आली. तो फोन उचलेना. कुत्रा त्या वासामुळे गच्चीवर जायचाच बंद झाला होता आणि ते मला फार उशिरा कळलं, याचं मला आजही वाईट वाटतं.

तेव्हा कंपनी कुठली हे मी सांगणार नाही, कारण त्याने तुमचं काम होणार नाही. पैसे घालायची जागा गवताच्या खाली आहे.

आधी त्या "पाऊस धुऊन काढतो" वाल्या वाक्याकडे बघू, कारण सगळी गडबड तिथून सुरू होते. हे वाक्य इंग्लंडमध्ये बरोबर असेल, तिथे वर्षभर थोडा थोडा पाऊस पडतो आणि आपण यूट्यूबवर जे बघतो ते बरंचसं तिकडचंच असतं. आपल्याकडे पुण्यात जूनमध्ये पाऊस येतो, ऑक्टोबरात जातो, आणि मग पुढचा जून येईपर्यंत एखादा वळीव सोडला तर जवळपास आठ महिने कोरडे. आता हिशोब करा. निरोगी कुत्रा दिवसाला वजनाच्या दर किलोमागे साधारण २० ते ४० मिली शू करतो. तुमचा लॅब ३० किलोचा धरू, गावठी १८ ची, म्हणजे दोघं मिळून रोज एक ते दोन लिटर. आठ महिने म्हणजे २४० दिवस. म्हणजे २३० ते ४६० लिटर! निम्मी बाहेर फिरायला नेता तेव्हा होते असं धरलं तरी शे-सव्वाशे ते सव्वादोनशे लिटर तुमच्या अंगणात, आणि तीही सगळीकडे सारखी नाही तर त्यांच्या ठरलेल्या चार-पाच जागांवर. पाऊस येईपर्यंत ती तिथेच राहणार. शूमधल्या युरियाचं जंतू अमोनियात रूपांतर करतात, ऊन वाढलं की ते काम जोरात चालतं आणि वासही जास्त उडतो, म्हणून वास बहुतेक फेब्रुवारी-मार्चला वर येतो, गवत टाकल्यावर पहिल्या महिन्यात सहसा नाही. तोपर्यंत टाकणारा पैसे घेऊन गेलेला असतो. सासूबाईंची धास्ती अगदी बरोबर आहे, त्यांना तसं सांगा.

मेंटेनन्स लागतोच, फक्त वेगळा लागतो. कापणी नाही, खत नाही, पण धुणं आहे.

आता दुसरी गोष्ट, जी मला जास्त महत्त्वाची वाटते. तुमच्या पत्रात गावठी "खोड्या करते, मुद्दाम खड्डे करते" असं आहे. खड्डे कधी करते ते बघितलंत का? माझा अंदाज आहे की फेब्रुवारीनंतर, दुपारी, आणि तेही भिंतीच्या सावलीत किंवा जिथे झाडांना पाणी घालता तिथे. आमची आधीची कुत्री एप्रिल लागला की जास्वंदीच्या बुडाशी वीतभर उकरायची, वरची तापलेली माती बाजूला सारायची आणि खालच्या ओल्या मातीवर पोट टेकून मागचे पाय बेडकासारखे ताणून पडायची. मी तिला दोन उन्हाळे रागावले. ती फक्त थंडावा शोधत होती.

आता हीच जागा प्लॅस्टिकने झाकली तर काय होईल विचार करा. खरं गवत पानांतून पाणी सोडतं म्हणून थंड राहतं, प्लॅस्टिकला ते जमत नाही. भर उन्हात टर्फच्या म्हणजे या कृत्रिम गवताच्या पृष्ठभागाचं तापमान ६० अंशांच्या वर गेल्याची मोजमापं आहेत, आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये हवाच ३८-४० ला असते. कुत्र्याला अंगभर घाम येत नाही, तो जीभ बाहेर काढून धापा टाकतो आणि थोडाफार पंज्यांच्या गाद्यांतून, त्या गाद्याच भाजल्या तर बिचाऱ्याने काय करावं. पाणी मारलं की गार होतं पण भर उन्हात थोड्या वेळात पुन्हा तापतं. गंमत बघा, हे गवत पहिल्यांदा गाजलं ते १९६६ मध्ये अमेरिकेत ह्यूस्टनच्या ॲस्ट्रोडोममध्ये, तिथे छप्पर होतं आणि छपराच्या पारदर्शक तावदानांवर रंग मारल्यामुळे आत ऊन पुरेना, खरं गवत मेलं म्हणून हे आणलं. म्हणजे जिथे सूर्य नाही तिथली ही वस्तू. आपण ती नेमकी जिथे सूर्य सोडत नाही तिथे पसरतो.

म्हणून माझं मत सरळ सांगते: पूर्ण साडेतीनशे फूट झाकू नका. टाकायचंच तर शंभर-सव्वाशे फूट टाका, दुपारी १२ ते ४ जिथे सावली असते तिथे, आणि सावली नसेल तर आधी शेड नेट मारा मग गवत आणा. बाकी अंगणाचं काय करायचं ते पुढे सांगते.

मिस्टर प्लॅस्टिकला नको म्हणतायत त्यातही तथ्य आहे. काही वर्षांनी उन्हाने पाती कडक होतात आणि तुटून तुकडे मातीत जातात, ते परत येत नाहीत, आणि जुनं गवत टाकायचं कुठे हाही प्रश्न असतोच. पण त्यांना हेही विचारा की पावसाळ्यात सोफा कोण पुसतं. तुमची दमछाक खरी आहे. थोडी जागा, नीट बसवलेली, आणि धुण्याची वाटणी आधी ठरवून, यावर दोघांचं जमू शकेल असं मला वाटतं.

आता खालचं काम. "आहे त्या मातीवरच" हे ऐकलं की त्या माणसाला चहा पाजून परत पाठवा. तुमच्याकडे काळी माती असेल तर ती पावसात फुगते, उन्हात भेगाळते, वरचं गवत वर्षात लाटांसारखं होतं, आणि शू खाली मुरतच नाही, गवत आणि माती यांच्या मध्ये बसून राहते. तीन-चार इंच माती काढायची. जमिनीला धुम्मस करून ढाळ द्यायचा, दर मीटरला एक ते दोन सेंटीमीटर, चेंबरच्या किंवा झाडांच्या आळ्याच्या दिशेने, आणि हे डोळ्याने नाही तर गवंड्याकडून लेव्हल पाइप लावून तपासून घ्यायचं. त्यावर जिओटेक्स्टाइल, म्हणजे पाणी झिरपू देणारं जाड कापड, अंथरायचं म्हणजे माती वर येत नाही. मग दोन-तीन इंच खडी, वरून इंचभर बारीक खडी, पुन्हा धुम्मस. इथे बरेच जण मुरूम नाहीतर क्रशरची डस्ट टाकतात कारण लेव्हल पटकन येते आणि स्वस्त पडतं. कुत्री नसतील तर चालेल ते. कुत्री असतील तर नको, बारीक भुकटी स्पंजासारखी शू धरून ठेवते आणि ती कितीही धुतली तरी निघत नाही.

आधीच कोबा किंवा काँक्रीट असेल तर त्यावरही होतं, पण ढाळ हवा आणि मध्ये ड्रेन सेल हवेत, ते प्लॅस्टिकच्या जाळीचे चौकोनी तुकडे मिळतात ना टेरेस गार्डनवाल्यांकडे, ते. त्याने गवत अधांतरी राहतं आणि पाइप मारला की पाणी खालून वाहून नहाणी ट्रॅपला जातं. गच्ची किंवा बाल्कनीवाल्या वाचकांसाठी: खिळा एकही नाही, पूर्ण गवत चिकटवायचं नाही, नुसतं पसरून कडेला वजन ठेवायचं म्हणजे महिन्याला गुंडाळून खालचं धुता येतं. आणि बाल्कनीचं पाणी खालच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडणार नाही एवढं बघा, सोसायटीतली निम्मी कुत्र्यांची भांडणं खरं तर पाण्याची असतात.

गवत निवडताना दुकानदार लांबी सांगेल, तुम्ही ते उलटं करून पाठ बघा. ४० आणि ५० एमएम हाताला मऊ लागतं पण लॅबचं ३० किलो वजन दोन महिन्यांत ते आडवं करतं आणि शी त्यात रुतते, उचलताना पसरते. २५ ते ३५ एमएम, दाट विणीचं, पुरे. खाली जो तपकिरी कुरळा थर असतो तो दिसायला छान पण लॅबचे केस त्यात असे अडकतात की कंगव्याने काढावे लागतात, तो जितका कमी तितकं बरं. पाठीला भोकं असतात, पण फक्त भोकातून निचरा आणि पूर्ण पाठच पाझरणारी यात फरक आहे. वीतभर नमुना मागून घ्या, घरी सिंकवर धरा आणि पेलाभर पाणी ओता. किती वेळात खाली जातं, पात्यांना चिकटून किती राहतं, लगेच कळतं. मग तोच तुकडा दुपारी दोनला उन्हात तासभर ठेवा आणि हाताची मागची बाजू टेकवून सात आकडे मोजा. तुम्हाला सात मोजवले नाहीत तर कुत्र्यांनाही त्यावर चालवू नका.

शिसं नाही असं लेखी मागा. २००८ मध्ये अमेरिकेत न्यू जर्सीतल्या काही जुन्या नायलॉन टर्फमध्ये शिसं सापडलं होतं, त्यानंतर चांगले उत्पादक रिपोर्ट देतात, कुत्री चाटतात म्हणून हे मागायला लाजू नका. वरून पात्यांमध्ये भरण्यासाठी काळा रबराचा चुरा अजिबात नको, तापतो आणि वासही येतो. भरायचंच तर झिओलाइट नावाच्या खनिजाचा चुरा, तो अमोनिया धरून ठेवतो, मत्स्यशेतीच्या तळ्यांतही याचसाठी टाकतात. पण तोही भरत जातो, अधूनमधून धुवून किंवा बदलून घ्यावा लागतो, जादू नाही ती. पसरताना धूळ उडते तेव्हा कुत्री आत ठेवा.

कडा. गावठीने उकरायला सुरुवात केली तर कडेपासूनच करणार, म्हणून कडा दगडी बॉर्डरखाली दाबून घ्या, खिळे आणि यू-पिना वर डोकावतील अशा ठेवू नका. जोड कमीत कमी येतील असं रोल मांडायला सांगा, रोल बहुतेक दोन मीटर रुंद येतो त्या हिशोबाने जागा ठरवा. पहिले पंधरा दिवस त्यांना एकटं सोडू नका. पाती उपटून गिळली आणि उलट्या, शी बंद, मलूल पडून राहणं असं काही दिसलं तर उद्या बघू म्हणू नका, त्याच दिवशी डॉक्टर, आणि त्यांना "प्लॅस्टिक गिळलं असेल" हे स्वतःहून सांगा कारण प्लॅस्टिक एक्स-रेत दिसेलच असं नाही. अजून एक, तुमच्या किंवा शेजाऱ्यांच्या मोठ्या काचेवरून ऊन परावर्तित होऊन एकाच जागी पडत असेल तर तिथलं गवत वितळतं, ती जागा आधी बघून ठेवा.

धुणं रोज दोन मिनिटांचं: ठरलेल्या जागांवर पाणी. उन्हाळ्यात टँकर मागवायची वेळ येते आणि आपण गवत धुतोय हे मलाही पटत नाही, म्हणून आरओचं वाया जाणारं पाणी बादलीत धरा आणि तेच वापरा, प्लॅस्टिकला त्या क्षारांनी काही होत नाही. (खऱ्या हरळीला मात्र ते रोज घालू नका.) शी लगेच उचला. आठवड्यातून एकदा पाळीव प्राण्यांसाठीचं एन्झाइमवालं क्लीनर, वाळू न देता बाटलीवर लिहिलेला वेळ मुरू द्यायचं. घरचं लिंबाच्या सालीचं बायो-एन्झाइम पातळ करून चालेल पण मुरलेल्या वासावर त्याचा भरवसा नको. फिनेल नको, कुत्री पंजे चाटतात आणि मांजरांना तर ते फारच घातक. ब्लीचही नको, शूमधल्या अमोनियाशी मिसळलं की विषारी वायू होतो, बंदिस्त अंगणात तर मुळीच नको.

आणि गवत टाकलं म्हणजे गोचीड गेले असं समजू नका. कुत्र्यांवरचा तपकिरी गोचीड भिंतीच्या फटीत, फरशीच्या सांध्यात राहतो, त्याला हरळी लागतच नाही, तेव्हा डॉक्टरांनी दिलेलं औषध चालू ठेवा. पावसाळ्यात गवताखाली पाणी साठलं आणि उंदीर असले तर लेप्टोची (उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या आजाराची) भीती असते, लस वेळेवर आहे ना बघून घ्या.

आता उरलेले सव्वादोनशे फूट. मागच्या दारापासून गेटपर्यंत तीन फूट रुंद शहाबादी फरशीची वाट करा, ढाळ देऊन, तुमचा निम्मा चिखल तिथेच मिटेल कारण कुत्री रोज त्याच एका वाटेने पळतात, आणि दारात उथळ टब व जुना टॉवेल. वृंदावनाभोवती फूटभर उंच कठडा किंवा जाळी, सासूबाईंना समाधान आणि तुळशीला शू नाही. थोडी जागा साधी हरळी राहू द्या, कुत्री ती मधूनमधून खातात आणि त्यांना ती हवी असते. जळलेल्या डागांबद्दल: मधोमध पिवळं आणि कडेने गर्द हिरवं असं वर्तुळ दिसतं का? ते नायट्रोजन जास्त झाल्याचं. मादी बसून एकाच जागी सगळं करते म्हणून तिचे डाग जास्त, तिच्या शूत वेगळं विष नाही. शू झाली की लगेच दोन तांबे पाणी ओतलं तर डाग पडत नाही. शूचं आम्ल कमी करायला सोडा, टोमॅटो, कसल्या गोळ्या असलं काही डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका, गवतापायी मुतखडा व्हायचा.

आणि गावठीने जिथे सगळ्यात मोठा खड्डा केलाय ना, तो तिला देऊन टाका. चार बाय चार फूट, कडेला विटा, आत चाळलेली वाळू आणि माती, वर सावली, सकाळी एक बादली पाणी. पहिले काही दिवस तिच्यासमोर तिचं खेळणं त्यात पुरा आणि ती उकरायला लागली की शाबासकी द्या.

तर क्रम असा ठेवा. येत्या रविवारी पाइप अंगणाच्या वरच्या कोपऱ्यात अर्धा तास सोडा, पाणी कुठे जातं आणि कुठे साठतं त्याचे फोटो काढा. टँकरचे दिवस असतील तर पहिल्या वळिवाची वाट बघा, तोही हेच दाखवेल. मे संपायच्या घाईला काही अर्थ नाही, खालचं काम आता करून घ्या, खडी एक पावसाळा बसू दे, गवत दसऱ्यानंतर टाका. तोवर दोन मीटरचा एक तुकडा आणून सावलीत पसरून ठेवा आणि दोघं त्यावर जाऊन बसतात की त्याला वळसा घालतात ते पंधरा दिवस बघा. काम देताना कागदावर लिहून घ्या: शेवटच्या हप्त्यातला बराचसा भाग चार बादल्या पाणी ओतून कुठेही डबकं न राहिल्यावर, आणि बाकीचा थोडा मार्चमध्ये. मार्चचं ऐकून तो कुरकुर करेल. करू दे, दुसरा बघा.